जनगणनेचा आकडा आपल्याच वॉर्डात तयार होतो

जनगणना जवळ आली की आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक संदेश फिरू लागतो : "धर्माच्या रकान्यात बौद्ध लिहा." संदेश योग्यच आहे, पण अपुरा आहे. जातीच्या रकान्यात काय सांगायचे, आपली वस्ती कोणत्या प्रगणक गटात येते, तो गट कोण आखतो आणि मोजून झालेला आकडा पुढे कोणाच्या टेबलावर जातो, याबद्दल त्या संदेशात एक शब्दही नसतो.

आम्ही सामाजिक कामाच्या निमित्ताने ग्रामपंचायती, नगरपालिका आणि तहसील कार्यालयांत जात असतो. तिथे एक गोष्ट वारंवार पाहायला मिळते. वस्तीसाठी निधी मागायला किंवा प्रभाग आरक्षणावर हरकत घ्यायला कार्यकर्ते तावातावाने जातात. समोरचा कर्मचारी शांतपणे एक कागद पुढे सरकवतो. त्या कागदावर २०११ च्या जनगणनेतील लोकसंख्या असते. तिथे चर्चा संपते, कारण त्या आकड्याशी भांडता येत नाही. भांडायची, खरे तर काम करायची, वेळ आकडा तयार होत असताना असते. ती वेळ आता आली आहे.

२०२१ ची जनगणना कोरोनामुळे पुढे ढकलली गेली. आता होणारी जनगणना २०२७ ची आहे. तिची अधिसूचना १६ जून २०२५ रोजी निघाली आणि महाराष्ट्रासह बहुतांश देशासाठी संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ ठरला. पहिला टप्पा घरयादी आणि घरगणनेचा. त्यासाठी एप्रिल ते सप्टेंबर २०२६ या काळात प्रत्येक राज्याला ३० दिवस दिले आहेत. दुसरा टप्पा प्रत्यक्ष लोकसंख्या मोजण्याचा, तो फेब्रुवारी २०२७ मध्ये. धर्म आणि प्रत्येक व्यक्तीची जात या दुसऱ्या टप्प्यात नोंदवली जाणार आहे. यावेळी मोबाईल ॲपवर गणना होणार असून स्वतःची माहिती स्वतः भरण्याची, म्हणजे स्वयं-गणनेचीही सोय आहे.

काम केंद्राचे, हात स्थानिक

जनगणना हा संविधानाच्या सातव्या अनुसूचीतील संघसूचीचा विषय आहे. ती जनगणना अधिनियम, १९४८ नुसार होते आणि केंद्रीय गृह मंत्रालयाखालील महानिबंधक व जनगणना आयुक्त ती घेतात. म्हणून आपल्याला वाटते की हे दिल्लीचे काम, आपला त्यात काय संबंध?

पण दिल्लीकडे दारोदार जाणारा माणूस नाही. तो स्थानिक प्रशासन देते. अधिनियमाच्या कलम ४-क नुसार, लेखी आदेश आल्यावर प्रत्येक स्थानिक प्राधिकरणाने जनगणनेसाठी आपले कर्मचारी उपलब्ध करून द्यायचे असतात. म्हणून आपल्या दारात येणारा प्रगणक बहुधा जिल्हा परिषदेच्या किंवा नगरपालिकेच्या शाळेतील शिक्षक असतो, नाहीतर स्थानिक कार्यालयातील लिपिक.

रचना अशी असते. जिल्ह्यात जिल्हाधिकारी आणि महानगरपालिकेत आयुक्त हे प्रमुख जनगणना अधिकारी. त्यांच्याखाली चार्ज अधिकारी : तालुक्याच्या ग्रामीण भागासाठी तहसीलदार, नगरपरिषदेत मुख्याधिकारी, महानगरपालिकेत वॉर्ड किंवा प्रभाग कार्यालयाचे सहायक आयुक्त. त्यांच्याखाली पर्यवेक्षक आणि शेवटी प्रगणक. साधारण सहा प्रगणकांमागे एक पर्यवेक्षक असतो.

यातले एकही पद आपल्याला अपरिचित नाही. रेशनकार्डासाठी आपण ज्या तहसीलदारांकडे जातो आणि गटाराच्या तक्रारीसाठी ज्या मुख्याधिकाऱ्यांना भेटतो, तेच आपल्या भागाचे चार्ज अधिकारी असतात.

प्रगणक गट म्हणजे काय?

प्रत्येक गाव आणि प्रत्येक वॉर्ड छोट्या तुकड्यांत वाटला जातो. त्या तुकड्याला प्रगणक गट म्हणतात. साधारण ७०० ते ८०० लोकसंख्येचा एक गट आणि त्याला एक प्रगणक. गटाची हद्द स्थानिक पातळीवर आखली जाते : अमुक रस्त्यापासून तमुक नाल्यापर्यंत, या विहिरीपासून त्या शाळेपर्यंत. गावातल्या वाड्या-वस्त्यांची माहिती तलाठी आणि ग्रामसेवक देतात, शहरात ती पालिकेचा कर वसुली किंवा बांधकाम विभाग देतो.

इथे एक साधी अडचण येते. कार्यालयाच्या जुन्या यादीत जी वस्ती नाही, ती गटाच्या हद्दीत नीट बसत नाही. गावाबाहेर गायरानावर झालेली घरे, रेल्वेच्या किंवा वनखात्याच्या जागेवरची झोपडी, वीटभट्टीवरचे मुक्काम, नव्या बायपासपलीकडे सरकलेली पंधरा-वीस कुटुंबे, अशा वस्त्या दोन गटांच्या मध्ये पडतात. दोन्ही प्रगणकांना वाटते की ही घरे दुसऱ्याच्या हद्दीत आहेत. कोणाचाही हेतू वाईट नसतो, तरी घरे मोजायची राहतात.

ही केवळ शंका नाही. प्रत्येक जनगणनेनंतर सरकार स्वतःच नमुना तपासणी करून किती माणसे सुटली ते पाहते. २०११ च्या तपासणीत दर हजारी २३ माणसे सुटल्याचे दिसले. शहरी भागात हे प्रमाण ग्रामीण भागापेक्षा अधिक होते. भाड्याच्या खोल्या, दिवसभर कुलूप असलेली घरे आणि दाटीवाटीच्या वस्त्या शहरात जास्त असतात. आपल्या समाजाचा मोठा हिस्सा अशाच वस्त्यांत राहतो.

हद्दींबाबत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. जनगणनेसाठी गाव, तालुका, प्रभाग यांच्या प्रशासकीय सीमा ३१ डिसेंबर २०२५ रोजी गोठवल्या आहेत. त्यानंतर झालेला बदल या गणनेत धरला जाणार नाही. त्यामुळे आपली वस्ती कागदावर कोणत्या गावात किंवा वॉर्डात धरली आहे, हे आताच विचारून घ्यावे.

झोपडपट्टी कोणती, हे कोण ठरवते?

२०११ मध्ये झोपडपट्ट्यांचे स्वतंत्र गट आखले गेले होते. त्यासाठी तीन प्रकार धरले : कायद्याखाली अधिसूचित झालेली झोपडपट्टी, अधिसूचित नसली तरी सरकारने किंवा पालिकेने मान्य केलेली, आणि तिसरा प्रकार म्हणजे किमान ३०० लोकसंख्येची किंवा साधारण ६० ते ७० घरांची दाट, सोयी नसलेली वस्ती. हा तिसरा प्रकार जागेवर जाऊन ओळखायचा असतो आणि ती जबाबदारी चार्ज अधिकाऱ्यांच्या पातळीवर असते. म्हणजे राष्ट्रीय तक्त्यात झोपडपट्टीची लोकसंख्या किती दिसणार, याचा मोठा भाग पालिकेच्या नोंदीवर अवलंबून असतो. त्या गणनेत झोपडपट्टीत राहणारे सर्वाधिक लोक महाराष्ट्रात होते, सुमारे १ कोटी १८ लाख. पुढे झोपडपट्टीसाठीच्या योजना आखताना हेच आकडे समोर ठेवले गेले. ज्या वस्तीला पालिकेने वस्ती म्हणून ओळखलेच नाही, ती या हिशेबातून बाहेर राहिली.

धर्माचा रकाना आणि जातीचा रकाना

आता आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाचा मुद्दा.

१९५१ च्या जनगणनेत आजच्या महाराष्ट्राच्या भागात बौद्धांची संख्या जेमतेम अडीच हजार होती. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली आणि दिली. १९६१ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील बौद्धांचा आकडा सुमारे २७ लाख ९० हजार झाला. एवढ्या मोठ्या परिवर्तनाची सरकारी नोंद जनगणनेच्या एका रकान्यात झाली. म्हणून धर्माचा रकाना आपल्यासाठी अभिमानाचा आहे.

२०११ मध्ये देशात ८४,४२,९७२ बौद्ध होते. त्यातले ६५,३१,२००, म्हणजे सुमारे ७७ टक्के, महाराष्ट्रात होते. मात्र राज्याच्या लोकसंख्येतील आपले प्रमाण २००१ मधील ६.०३ टक्क्यांवरून ५.८१ टक्क्यांवर आले.

आता दुसरा रकाना. २०११ च्या तक्त्यांत महाराष्ट्रातील अनुसूचित जातींची लोकसंख्या १,३२,७५,८९८, म्हणजे ११.८ टक्के आहे. त्यात ज्यांचा धर्म बौद्ध नोंदवला आहे असे सुमारे ५२ लाख लोक आहेत. राज्यातील बौद्ध ६५ लाख आणि त्यांपैकी अनुसूचित जातीत नोंदले गेलेले ५२ लाख. उरलेले सुमारे १३ लाख बौद्ध अनुसूचित जातींच्या आकड्यात नाहीत.

हे सगळेच चुकून सुटले असे आम्ही म्हणत नाही. ओबीसी आणि इतर समाजांतून धम्मात आलेले बांधव या यादीत येणारच नाहीत, ते योग्यच आहे. पण "आम्ही आता बौद्ध, आम्हाला जात नाही" असे सांगणारी किंवा जातीच्या प्रश्नाला "बौद्ध" एवढेच उत्तर देणारी कुटुंबे आपल्या सर्वांच्या ओळखीत आहेत. ती अनुसूचित जातीत धरली जातील याची खात्री राहत नाही. कारण प्रगणकाला राज्याची अनुसूचित जातींची यादी दिलेली असते आणि सांगितलेले नाव त्या यादीत असावे लागते. महाराष्ट्राच्या यादीत महार, मांग, चांभार, ढोर अशी नावे आहेत. "बौद्ध" किंवा "नवबौद्ध" हे नाव जात म्हणून त्या यादीत नाही.

अनुसूचित जातीचा बौद्ध ही ओळख कायद्याने मिळालेली आहे. संविधान (अनुसूचित जाती) आदेश, १९५० मध्ये सुरुवातीला मुख्यतः हिंदूंचा समावेश होता. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध जोडले गेले. १९९० च्या दुरुस्तीसाठी आपल्या चळवळीने अनेक वर्षे लढा दिला. तो हक्क मिळाल्यानंतर जनगणनेत जातीचे नाव न सांगणे म्हणजे मिळवलेला हक्क मोजणीच्या वेळी सोडून देणे होय.

"धम्मात जात नाही, मग जात का सांगायची?" हा प्रश्न प्रामाणिक आहे आणि तो विचारणाऱ्यांची चेष्टा करू नये. आमचे म्हणणे एवढेच की हे दोन प्रश्न वेगवेगळे आहेत. धर्माचा रकाना विचारतो, तुम्ही काय मानता? अनुसूचित जातीचा रकाना विचारतो, समाजाने तुमच्या घराण्याशी कसा व्यवहार केला? आपण जात सोडली तरी जातीच्या नावाने झालेला अन्याय, त्यातून आलेली भूमिहीनता आणि आजही होणारा भेदभाव मोजला गेलाच पाहिजे.

स्वतः बाबासाहेबांनी आकड्याचे महत्त्व ओळखले होते. १९३२ मध्ये ते लोथियन समितीचे, म्हणजे भारतीय मताधिकार समितीचे, सदस्य होते. त्या वेळी काही प्रांतांतून अस्पृश्यांची संख्या अगदी कमी दाखवण्याचा प्रयत्न झाला, कारण संख्या कमी म्हणजे प्रतिनिधित्व कमी. बाबासाहेबांनी त्याला ठाम विरोध केला. पुढे 'द अनटचेबल्स' या ग्रंथात त्यांनी १९११ च्या जनगणनेतील कसोट्यांचा आधार घेतला. जात निर्मूलनाचा आग्रह धरणारा हाच माणूस अस्पृश्यांची मोजणी अचूक व्हावी म्हणूनही भांडत होता.

शेवटी काय सांगायचे हा प्रत्येक कुटुंबाचा निर्णय. तो निर्णय परिणाम माहीत असताना व्हावा, एवढ्यासाठी हे लिहिले आहे.

आकडा परत वस्तीत कसा येतो?

दिल्लीत प्रसिद्ध झालेला आकडा तीन वाटांनी पुन्हा आपल्या ग्रामपंचायतीत आणि पालिकेत येतो.

पहिली वाट राखीव जागांची. संविधानाच्या अनुच्छेद २४३-घ नुसार पंचायतींत आणि २४३-न नुसार नगरपालिकांत अनुसूचित जातींना लोकसंख्येच्या प्रमाणात जागा राखीव असतात. लोकसंख्या कोणती, हेही संविधानानेच सांगितले आहे : लगतच्या मागील जनगणनेतील प्रसिद्ध झालेली. म्हणूनच २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रात झालेल्या स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका २०११ च्या आकड्यांवर झाल्या. २०११ नंतर जन्मलेले मूल आज दहावीच्या आसपास आले आहे, पण त्या हिशेबात ते नव्हते.

मुंबईचे उदाहरण पाहू. २०११ मध्ये बृहन्मुंबईची लोकसंख्या १,२४,४२,३७३ आणि अनुसूचित जातींची ८,०३,२३६ होती. हे प्रमाण सुमारे ६.४६ टक्के. महापालिकेत २२७ जागा. त्या प्रमाणात अनुसूचित जातींच्या वाट्याला १४.६५ जागा येतात. अर्धा किंवा त्याहून मोठा अपूर्णांक पूर्ण धरला जातो, म्हणून १५ जागा राखीव झाल्या. आता उलटा हिशेब करू. सुमारे साडेआठ हजार माणसे अनुसूचित जातीत कमी नोंदली गेली असती, तर उत्तर साडेचौदाच्या खाली गेले असते आणि एक जागा कमी झाली असती. सव्वा कोटींच्या शहरात साडेआठ हजार म्हणजे दहा-बारा प्रगणक गटांएवढी माणसे. छोट्या नगरपरिषदेत तर हा फरक एखाद्या वस्तीएवढाच असू शकतो.

पुढे, कोणता प्रभाग राखीव होणार हेही यावरच ठरते. प्रभाग रचना करताना प्रगणक गट एकमेकांना जोडून प्रभाग तयार करतात, आणि अनुसूचित जातींचे प्रमाण जिथे जास्त, तिथपासून उतरत्या क्रमाने आरक्षण लावण्याची पद्धत आहे. म्हणजे आपल्या गल्लीतील प्रगणकाने केलेली नोंद थेट आरक्षणाच्या तक्त्यात पोहोचते.

दुसरी वाट निधीची. राज्याच्या अनुसूचित जाती उपयोजनेत योजना खर्चाचा वाटा लोकसंख्येच्या प्रमाणात ठेवायचा असतो. राज्यातील ११.८ टक्के हे प्रमाण तिथूनच येते. अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या वस्त्यांचा विकास करण्याच्या योजनेत, जिला आपण आजही दलित वस्ती सुधार योजना म्हणतो, वस्तीच्या लोकसंख्येनुसार अनुदानाचे टप्पे आहेत आणि ग्रामपंचायतीने पाच वर्षांचा बृहत् आराखडा करायचा असतो. केंद्राच्या आदर्श ग्राम योजनेत किमान ५०० लोकसंख्या आणि त्यात ४० टक्क्यांहून अधिक अनुसूचित जाती, असा गावाच्या निवडीचा निकष आहे. रेशनवरील धान्यही यातून सुटलेले नाही. अन्न सुरक्षा कायद्याखाली महाराष्ट्रातील लाभार्थ्यांची सुमारे ७ कोटींची मर्यादा २०११ च्या लोकसंख्येवर ठरली आहे. नव्या जोडप्याला रेशनकार्डावर धान्य मिळत नाही, तेव्हा "इष्टांक संपला" असे उत्तर येते, त्याचे मूळ इथे आहे.

तिसरी वाट माहितीची. प्रत्येक जिल्ह्याची जनगणना पुस्तिका निघते. त्यात गावनिहाय शाळा, पाणी, रस्ता, दवाखाना अशा सोयींची माहिती असते. ती तलाठी, ग्रामसेवक आणि पालिका यांच्याकडून घेतलेली असते. पुस्तिकेतील प्राथमिक गोषवाऱ्यात प्रत्येक गावाची आणि वॉर्डाची लोकसंख्या, अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, साक्षर आणि काम करणारे यांचे आकडे असतात. मात्र गावनिहाय गोषवाऱ्यात धर्माचा रकाना नसतो. धर्माचे आकडे तालुका आणि शहर पातळीपर्यंत प्रसिद्ध होतात.

म्हणजे ग्रामपंचायतीच्या टेबलावर आपण बौद्ध म्हणून दिसतच नाही. तिथे आपण दिसतो ते फक्त अनुसूचित जातीच्या रकान्यात. धर्माचा रकाना अल्पसंख्याक म्हणून असलेल्या हक्कांसाठी आणि आपल्या ऐतिहासिक ओळखीसाठी, तर जातीचा रकाना गावातील जागा आणि निधीसाठी. दोन्ही भरले तरच आपली पूर्ण नोंद होते.

फेब्रुवारीतली गणना आणि ऊसतोड कुटुंबे

बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी अशा जिल्ह्यांतून हजारो कुटुंबे दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन बाहेर पडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. फेब्रुवारी हा ऐन गाळपाचा महिना. गणनेच्या संपूर्ण काळात जे कुटुंब गावी नसते, त्याची मोजणी ते जिथे असेल तिथे व्हायची असते. याचे दोन परिणाम होतात. कारखान्याच्या परिसरातील कोप्यांपर्यंत प्रगणक पोहोचला नाही, तर ही माणसे कुठेच मोजली जात नाहीत. पोहोचला, तरी त्यांची संख्या मूळ गावाच्या खात्यात येत नाही.

दुसरा परिणाम टाळणे आपल्या हातात नाही. पहिला टाळता येईल. ज्या तालुक्यांत साखर कारखाने आहेत तिथल्या कार्यकर्त्यांनी कोप्यांची ठिकाणे, साधारण कुटुंबे आणि मुकादमाचा संपर्क अशी यादी करून तहसीलदारांना जानेवारीतच द्यावी. वीटभट्ट्या आणि मोठ्या बांधकामांवरील मुक्कामांसाठीही हेच करावे. २०११ मध्ये बेघरांची गणना २८ फेब्रुवारीच्या रात्री झाली होती. शहरातील पूल, स्थानके आणि पदपथ आपल्या कार्यकर्त्यांना चांगले माहीत असतात, ती माहिती प्रभाग कार्यालयाला दिली तर उपयोगी पडते.

काय करायचे?

१. आपल्या गावाचे किंवा वॉर्डाचे २०११ चे आकडे जनगणना कार्यालयाच्या संकेतस्थळावरून काढा. एकूण लोकसंख्या, अनुसूचित जाती, साक्षरता या तीन गोष्टी विहारातील फळ्यावर लिहा. लोक स्वतःच सांगू लागतील की कोणती गल्ली यात दिसत नाही.

२. सुटण्याची शक्यता असलेल्या वस्त्यांची यादी करा. वस्तीचे नाव, जवळची खूण आणि साधारण घरे एवढे पुरे. ती लेखी अर्जासोबत तहसीलदार, मुख्याधिकारी किंवा प्रभाग कार्यालयात द्या आणि पोच घ्या.

३. विहारात महिलांची वेगळी बैठक घ्या. प्रगणक दिवसा येतो तेव्हा घरात बहुधा सासू, सून किंवा कॉलेजची मुलगी असते. उत्तर त्याच देणार. धर्म काय सांगायचा, जात काय सांगायची, बाहेरगावी शिकणारा मुलगा कुठे मोजला जाईल, हे घरात आधीच बोललेले असावे. पतीचे नाव सांगायला संकोच वाटत असेल तर कायद्याने त्या महिलेवर तशी सक्ती नाही, हेही सांगा.

४. स्वयं-गणना करता येत असेल तर तरुणांनी आपल्या घराची माहिती स्वतः भरावी. प्रगणकाकडून भरून घेणार असाल तर धर्म आणि जात काय नोंदवले ते वाचून दाखवायला सांगा. गृहीत धरून नोंद करू देऊ नका.

५. भाषेच्या रकान्यात पाली सांगा असेही संदेश येतात. ज्यांना पाली येते त्यांनी जरूर सांगावे. ज्यांना येत नाही त्यांनी सांगू नये. खोट्या नोंदीने पालीचे भले होत नाही आणि आपल्या खऱ्या आकड्यांवरचा विश्वासही कमी होतो.

६. प्रगणक आलाच नाही किंवा विचारलेले न नोंदवता निघून गेला, तर पर्यवेक्षक आणि मग चार्ज अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करा. जाणीवपूर्वक खोटी नोंद करणारा प्रगणक आणि उत्तर नाकारणारा नागरिक, दोघांनाही कायद्यात शिक्षा आहे : १,००० रुपयांपर्यंत दंड आणि काही अपराधांसाठी तीन वर्षांपर्यंत कैद.

७. आकडे प्रसिद्ध झाल्यावर थांबू नका. प्रारूप प्रभाग रचना निघते तेव्हा प्रत्येक प्रभागाची एकूण आणि अनुसूचित जातींची लोकसंख्या त्यासोबत दिलेली असते. ती आपल्या टिपणाशी ताडून पाहा. हरकतीची मुदत थोडी असते, त्यामुळे तयारी आधीच हवी.

काय करायचे नाही, तेही स्पष्ट असावे. दुसऱ्या कुटुंबाच्या वतीने उत्तर द्यायचे नाही. अमुकच सांगा म्हणून दबाव आणायचा नाही. गावी आणि शहरात अशी दोनदा नोंद करायची नाही. प्रगणकाच्या मोबाईलचा किंवा भरलेल्या माहितीचा फोटो मागायचा नाही. कलम १५ नुसार व्यक्तिगत माहिती गोपनीय आहे. ती कोणाला पाहता येत नाही आणि न्यायालयात पुरावा म्हणूनही वापरता येत नाही. जनगणनेतील नोंद म्हणजे जातीचा दाखला नाही आणि तिच्यामुळे कोणाचा दाखला रद्दही होत नाही. कायदा आपल्याकडून आपल्या माहितीप्रमाणे आणि समजुतीप्रमाणे खरे उत्तर मागतो.

फेब्रुवारी २०२७ मध्ये जे नोंदले जाईल त्यावर पुढची अनेक वर्षे आपल्या गावच्या राखीव जागा, वस्तीचा रस्ता, समाजमंदिर आणि रेशनचा इष्टांक ठरणार आहे. म्हणून येत्या पौर्णिमेला विहारात वंदना झाल्यावर अर्धा तास या विषयासाठी ठेवा. आपल्या भागाचा चार्ज अधिकारी कोण, एवढा एक प्रश्न त्या दिवशी सोडवला तरी कामाला सुरुवात होईल.

जय भीम! नमो बुद्धाय!